बाईपण, विनाअट

हे पुस्तक सुखाचं आहे. बाई असण्यात आपल्याला काय आवडतं, मन कशात रमतं, कशाचा अभिमान वाटतो, हे वेगवेगळ्या वयांच्या आणि वेगवेगळ्या कामांतल्या बायकांनी इथे लिहिलं आहे. विषय ऐकल्यावर काही मैत्रिणींनी काळजीने विचारलं, ‘आत्ता? आजूबाजूला बायकांचं काय चाललंय ते दिसत असताना?’ मला वाटतं, आत्ताच. मराठीत बाईच्या दुःखाबद्दल उत्तम लिहिलं गेलं आहे. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ आलं. पुढे ‘कळ्यांचे निःश्वास’, ‘जिणं आमुचं’, ‘आयदान’. ही पुस्तकं नसती तर माझ्यासारख्या कितीतरी जणींना आपला राग ओळखताच आला नसता. पण ही पुस्तकं लिहिणाऱ्या भांडल्या त्या जगण्यासाठीच ना? मग हाती आलेल्या थोड्याफार जागेत बायका कसं जगतात, त्यात गोडी कुठून येते, याची नोंद आपण फार तुटपुंजी ठेवली, याची मला खंत आहे.

लेख मागवताना सगळ्यांना एकच प्रश्न पाठवला होता. आलेल्या बहुतेक लेखांची सुरुवात तक्रारीने झालेली होती: बसमधले धक्के, सासर, साहेब, रात्री उशिराची घराकडची वाट. दोन-तीन पानं अशी गेली, की कुठेतरी एक नवा परिच्छेद सुरू व्हायचा आणि लिहिणारीचा हात मोकळा सुटायचा. एका एसटी वाहक बाईंनी बाजाराच्या दिवशीच्या गाडीबद्दल लिहिलं आहे. त्या गाडीत भाजीच्या पाट्या, कोंबड्या आणि लेकरं घेऊन बायका चढतात, आणि पुढच्या तासाभरात अनोळखी बायका एकमेकींची पोरं मांडीवर घेतात, दुखणी सांगतात, उतरताना पत्ते घेतात. ‘ड्रायव्हरसाहेबांना हे कधी मिळत नाही,’ असं त्या म्हणतात. एका निवृत्त परिचारिकेने हाताच्या स्पर्शाबद्दल लिहिलं आहे. रात्रपाळीत घाबरलेल्या रुग्णाच्या कपाळावर हात ठेवायला तिला कधी कारण सांगावं लागलं नाही, हे तिला आयुष्यभर मोठं भाग्य वाटत आलं. मी कोणाचीही तक्रारीची पानं कापली नाहीत. त्या पानांतून चालत गेल्यावरच प्रत्येकीला पुढचं पान सापडलं होतं.

हे सुख नवं नाही. जात्यावरच्या ओव्यांचा विचार करा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांबरोबर बसून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. साने गुरुजींनी त्याही आधी असा संग्रह केला होता. या ओव्यांकडे आपण कष्टाचं आणि सासुरवासाचं दफ्तर म्हणून बघतो, आणि ते त्यांत आहेच. पण त्या सलग वाचत गेलं की दिसतं ते वेगळंच. कासाराकडे बांगड्या भरायला बसण्याची मजा, लेकीच्या रूपाचं कौतुक, भावाच्या येण्याची चाहूल, शेजारणीशी केलेलं गूज, पंढरीच्या वाटेवरची ऐट, आणि सगळ्यांत मोठा म्हणजे आपण ओवी जुळवतो आहोत याचा आनंद. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, घर निजलेलं असायचं, आणि तेवढा वेळ त्यांचा असायचा. विजेची गिरणी आली आणि खांदे सुटले, ते फार बरं झालं. जात्यासाठी रडावं असं मला मुळीच वाटत नाही. वाईट वाटतं ते त्या समोरासमोर बसण्याचं. त्याला दुसरी जागा आपण लवकर शोधून दिली नाही.

ज्या जागा होत्या, त्यांत बायकांचं शरीर मोकळं होत असे, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. श्रावणातली मंगळागौर घ्या. पूजा सकाळी आटपते, खरी मंगळागौर रात्री. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणं. ज्या नव्या सुनेने घरात पाऊल वाजवायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही, ती या रात्री घामाघूम होईपर्यंत उड्या मारते, जमिनीवर बसून फुगडी घालते, दुसरीला पाठीवर घेते, आणि हे सगळं देवीच्या नावाने, म्हणजे कोणाला हरकत घेता येऊ नये अशा रीतीने. आश्विनात पोरींचा भोंडला, कुठे त्याला हादगा म्हणतात, खानदेश-विदर्भात भुलाबाई. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. या खेळांत पुरुषाला काहीच काम नाही. तो बघायलाही नाही. बाईचं सजणं-नाचणं नेहमी कोणासाठी तरी असतं असं समजणाऱ्यांनी मंगळागौरीच्या रात्रीचा विचार करावा. तिथे नऊवारी नेसलेली, नथ घातलेली, वेणी माळलेली बाई दुसऱ्या बायकांसमोर आणि स्वतःच्या हौसेने नटलेली असते.

म्हणून ३० जून २०२३ ला ‘बाईपण भारी देवा’ हा सिनेमा आला तेव्हा मला पडद्यापेक्षा प्रेक्षागृह जास्त बघावंसं वाटलं. मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरणाऱ्या सहा बहिणींची ती गोष्ट. बायका घोळक्याने येत होत्या, नऊवारी नेसून, गॉगल लावून, सासवा-सुना, भिशीतल्या मैत्रिणी, एका सोसायटीतल्या सगळ्या मिळून. सिनेमा चांगला की सामान्य, यावर त्या वेळी बरीच चर्चा झाली. मला ती चर्चा गौण वाटते. चाळिशी-पन्नाशीच्या बायका आपली आपण तिकिटं काढून, घरी डबा झाकून ठेवून, नटून घराबाहेर पडल्या आणि थिएटरात नाचल्या, ही मोठी गोष्ट आहे. त्याच वर्षी मार्च महिन्यात एसटीत बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं होतं. त्या वाहक बाई लिहितात, की त्यानंतर गाड्यांत कारणाशिवाय निघालेल्या बायका दिसू लागल्या. माहेरी सहज जाऊन येणाऱ्या, चार जणी मिळून तुळजापूर-अक्कलकोट करणाऱ्या. सुखाला पैसा लागतो, मोकळा वेळ लागतो, आणि वाटेत स्वच्छ संडास लागतो. मुंबईत ‘राइट टू पी’ची चळवळ करणाऱ्या बायकांनी हे नीट समजावून सांगितलं आहे. बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या बाईला प्रवासाचा आनंद कसा घेता येईल?

आता शीर्षकातल्या अटीबद्दल. मंगळागौर मला इतकी आवडते, तरी एक गोष्ट मला तिच्याबद्दल कधीच पटलेली नाही. ती सवाष्णींची आहे. बांगड्या, कुंकू, गजरा, हिरवी साडी, हळदीकुंकवाचं बोलावणं, बाईच्या हौसेची ही सगळी सामग्री आपल्या समाजाने नवऱ्याच्या श्वासाला बांधून टाकली. तो गेला की एका दिवसात सगळं परत घ्यायचं. माझी एक काकू होती. तिच्याइतकी रंगांची पारख असलेली बाई मी पाहिली नाही. कासार वाड्यात आला की कोणत्या खणावर कोणत्या बांगड्या शोभतील, ते सगळ्याजणी तिला विचारत. काका गेल्यावरही विचारत. ती दारात उभी राहून दुसऱ्यांसाठी बांगड्या निवडायची. तिचे मोकळे हात मला आजही आठवतात, आणि आजही राग येतो. यापूर्वीच्या पिढ्यांत तर केसही जायचे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० च्या सुमारास मुंबईतल्या नाभिकांना एकत्र करून विधवांचं केशवपन करायचं नाही असा संप घडवला, ही मला महाराष्ट्राच्या इतिहासातली अतिशय सुंदर घटना वाटते. पुरुषांनी आपल्या हातातला वस्तरा खाली ठेवला. आणि तरीही मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला ठराव करावा लागला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारने हा ठराव इतर ग्रामपंचायतींपुढे आदर्श म्हणून ठेवला. एकशे तीस वर्षं गेली तरी बाईच्या नटण्याचा निर्णय तिच्याकडे आलेला नव्हता.

या पुस्तकामागचा माझा आग्रह एवढाच आहे. बाईपणात सुख आहे, आणि ते कोणत्याही अटीवर मिळालेलं नसावं. नवरा आहे म्हणून नाही, मूल झालं म्हणून नाही, रंग उजळ आणि बांधा नीट आहे म्हणून नाही.

बाईपणाची व्याख्या कोण करतं, हा प्रश्न आला की मला बालगंधर्व आठवतात. १९११ चं ‘मानापमान’, १९१६ चं ‘स्वयंवर’, १९१९ चं ‘एकच प्याला’. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या त्यांच्या भूमिका. घरंदाज बायका ते नेसतात तसं नेसू लागल्या, केसांत फुलं तशी माळू लागल्या, चालणं-मान वळवणं त्यांच्याकडून उचलू लागल्या. याचा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. बाईपण हे नुसतं जन्माने अंगाला चिकटलेलं नसतं. ते शिकलं जातं, रियाज करून आत्मसात केलं जातं, आणि नारायण श्रीपाद राजहंस नावाच्या पुरुषाला ते इतकं साधलं, की बायकांनी त्यांना गुरू मानलं. पण त्याच रंगभूमीने सिंधूसुद्धा दिली. दारुड्या नवऱ्यासाठी झिजून मरणारी, तक्रार न करणारी. पिढ्यान्‌ पिढ्या प्रेक्षक तिच्यासाठी रडले. सिंधूचं सोसणं हे बाईपणाचं शिखर आहे, ही समजूत त्या अश्रूंनी पक्की केली, असं माझं मत आहे. पुढे हिराबाई बडोदेकर मैफलीत बसल्या, तिकीट लावून गायल्या, तेव्हा बाईच्या रूपात बाई लोकांसमोर आली आणि तिने सोसून दाखवलं नाही, गाऊन दाखवलं. त्या दोन चित्रांपैकी मी कोणतं घेतलं हे सांगायला नको.

दुसरी व्याख्या आईपणाची. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख मी कॉलेजात वाचला आणि पुन्हा पुन्हा वाचला. मोठ्या सासऱ्यांची सून, अमक्यांची मुलगी, तमक्यांची पत्नी अशी ओळख करून दिल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं त्यांना वाटतं, आणि रस्त्यातली शाळकरी पोरं त्यांना आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात, तेव्हा ती ओळख पुरी होते. लेख अप्रतिम आहे. त्या सुखाबद्दल मला शंका नाही. मानववंशशास्त्रात एवढं काम केलेली, पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणारी ती बाई हे मनापासून लिहिते आहे. पण मला मूल नाही. मी लग्नही केलं नाही. तो लेख वाचताना माझ्यासारखीने कुठे जाऊन उभं राहायचं, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. उत्तर मला दुर्गा भागवतांकडे मिळालं. त्यांनी लग्न केलं नाही. ‘ऋतुचक्र’ लिहिलं, लोकसाहित्य धुंडाळलं, १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे बोलल्या, आणि ‘खमंग’ नावाचं पाककृतींचं पुस्तकही लिहिलं. कोणाला वेळेवर वाढायचं म्हणून नाही, तर पदार्थाच्या चवीत, वासात आणि इतिहासात बुद्धी रमते म्हणून. ओट्याजवळ उभी राहणारी बाई तिथे राबण्यासाठीच असते असं धरून चालणाऱ्यांना आणि तिने तिथून पळूनच जावं असं म्हणणाऱ्यांना, दोघांनाही ते पुस्तक उत्तर देतं. कामाची सक्ती गेली की त्यातली विद्या आणि गोडी उरते. ती बायकांनीच शतकानुशतकं जमवलेली आहे आणि ती मला हवी आहे.

शरीराबद्दलचे लेख या पुस्तकात सर्वांत जास्त आहेत, आणि सर्वांत धीटही. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून सांगत होते, की कामसुखाची इच्छा बाईलाही असते आणि तिला ते मिळायला हवं. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. त्याच्या कितीतरी शतकं आधी आपल्या मातीत लज्जागौरी घडवली जात होती: उताणी, पाय फाकलेली, डोक्याच्या जागी कमळ. तेरला अशा प्रतिमा सापडल्या आहेत, आणि रा. चिं. ढेरे यांनी तिच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. जिथून जन्म होतो त्या जागेची पूजा करणाऱ्या लोकांचे आपण वारस आहोत, आणि तरी आपल्या मुली औषधाच्या दुकानातून पॅड काळ्या पिशवीत आणतात.

पाळीबद्दल लिहिणाऱ्या एका आजींचा लेख मला विशेष वाटतो. ‘बाजूला’ बसण्याच्या त्या तीन दिवसांत त्यांनी पोथ्या वाचल्या, दिवाळी अंक वाचले, झोप काढली. त्या म्हणतात, वर्षभरात विश्रांती तेवढीच. मी या लेखावर त्यांच्याशी पुष्कळ बोलले. विटाळ गेला पाहिजे, यात आम्हा दोघींचं एकमत होतं. पण विटाळ गेल्यावर विश्रांतीही गेली, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. आराम मिळण्यासाठी बाईला अपवित्र व्हावं लागत होतं, आणि आता ती पवित्र झाली तर चोवीस तास कामाला जुंपली गेली. हा सौदा झाला तरी कशासाठी? याचं सगळ्यांत भीषण रूप बीडकडे दिसलं. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली, तेव्हा अवघ्या महाराष्ट्राला कळलं, की पाळीमुळे खाडा होऊ नये, मजुरी कापली जाऊ नये म्हणून तरुण बायका पिशवी काढून टाकत होत्या. शरीराचा आनंद वगैरे शब्द लिहिताना ही गोष्ट मी समोर ठेवते. त्या बायकांना बाईपण पेलवेना असं नाही. त्यांच्या मुकादमाच्या हिशेबात त्याला जागाच नव्हती.

मला स्वतःला बाई असणं म्हणजे काय, हे संपादकानेही सांगायला हवं. मला बायकांच्या बोलण्यातला वेग आवडतो, चार विषय एका वेळी चालू असतात आणि एकही सुटत नाही तो. मैत्रिणीचा हात हातात घेऊन रस्त्याने चालता येतं, तिच्या डोक्याला तेल लावून देता येतं, तिच्यासमोर रडता येतं आणि त्याची नंतर सफाई द्यावी लागत नाही, हे आवडतं. पुरुषांना हे सहज मिळत नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं. इरकलीचा जाड काठ पायावर आपटतो तो आवडतो. नऊवारीचा कासोटा घातला की पावलं कशी मोकळी पडतात, ते चाळिशीनंतर शिकले. शेतात, घोड्यावर, वारीत बायका का तशाच नेसत, हे तेव्हा अंगाला कळलं. पाळी गेल्यावर काहीतरी संपेल असं सगळे सांगत होते. संपलं ते दुखणं. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांत मला माझी आजी दिसते आणि तिच्यासारखं दिसणं मला हवं होतं. माझा आवाज जाड आहे, लहानपणी त्यावरून ‘बाप्यासारखा’ म्हणत. बाईचा आहे म्हणजे तो बाईचा आवाज आहे.

याच कारणाने या पुस्तकात एका पारलिंगी बाईचा लेख आहे, आणि तो असण्याबद्दल मला कोणाशी वाद घालायचा नाही. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. आपल्याकडे दिशा पिंकी शेख यांच्या कवितेने हा अनुभव ताठ मानेने मराठीत आणला. माझ्या लेखिकेने मात्र कायद्याबद्दल लिहिलेलं नाही. जत्रेत पहिल्यांदा कासाराच्या पुढ्यात बसून हातभर चुडा भरून घेतला, त्याने ‘हात सैल सोड, बाई’ असं म्हटलं, त्या दुपारबद्दल तिने लिहिलं आहे. बाईपणासाठी तिने घर, गाव, नातेवाईक सगळं दिलं. जे आम्हाला फुकट मिळालं आणि ज्याला आम्ही कितीदा ओझं म्हटलं, त्याची किंमत तिच्या लेखात कळते. आणि बाईपणावर पुरुषांचाही हक्क आहे, हे तर वारकऱ्यांनी कधीचंच सांगून ठेवलं आहे. विठ्ठल माउली, ज्ञानेश्वर माउली, आणि वाटेत भेटणारा मिशीवाला दिंडीकरीसुद्धा माउली. माया करणं आणि मायेने वाकणं यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

लेखांचा क्रम वयानुसार लावलेला नाही, जातीनुसार किंवा शहर-खेडं असाही नाही. आईपणावरचे लेख मुद्दाम अधूनमधून विखुरले आहेत, म्हणजे ते शेवटचा मुक्काम वाटू नयेत. बोलीत आलेले लेख बोलीतच ठेवले आहेत. मालवणी आणि अहिराणीतल्या दोन लेखांना अर्थाची जोड हवी असं छापखान्यातून सुचवण्यात आलं, ती मी दिली नाही, वाचणाऱ्यांनी कोणा मालवणी, खानदेशी बाईला विचारावं आणि त्या निमित्ताने तिच्याशी बोलावं. ज्यांना आपलं नाव छापायचं नव्हतं, त्यांची नावं छापलेली नाहीत. घरच्यांच्या भीतीने नाव लपवणाऱ्या त्यांत तीन-चारच. बाकीच्यांनी एवढंच कळवलं, की हे सुख आपलं खासगी आहे. त्यांपैकी एका नव्वदीच्या बाईंनी प्रत पाठवताना ‘मोठ्या अक्षरांत छापा’ अशी एकच अट घातली होती. ती मान्य करून सगळं पुस्तक मोठ्या अक्षरांत घेतलं आहे.